बेल नगरीची पगारवाढ

लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीपासून आग्नेयेस दहाएक मैलांवर, वर्षाचा बहुतेक काळ बारीक धारेने वाहणाऱ्या आणि सिमेंटच्या बांधांत कोंडलेल्या नदीच्या काठी, बेल नावाचे एक लहानसे शहर वसलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे अडीच चौरस मैल, आणि २०१० च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या ३५,४७७. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात येऊन शेती करणाऱ्या बेल घराण्यावरून त्यास हे नाव पडले आणि १९२७ साली त्यास स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत या परिसरास भरभराटीचे दिवस होते. शेजारच्या साउथ गेट गावी जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना होता, फायरस्टोनचा टायरचा कारखाना होता. पलीकडे व्हर्नन येथे पोलाद घडत होते, आणि या कारखान्यांत राबणारे गोरे कामगार बेलसारख्या गावांतील छोट्या घरांतून सुखाने नांदत होते. १९८० पासून अवघ्या दोन-तीन वर्षांत हे कारखाने एकामागून एक बंद पडले, जुने रहिवासी घरे विकून अन्यत्र गेले, आणि त्यांच्या जागी मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेली कष्टकरी कुटुंबे राहू लागली. कोणी शिवणकाम करी, कोणी इमारतींवर मजुरी, कोणी इतरांच्या घरची धुणीभांडी. २०१० च्या सुमारास गावात दर दहांतील नऊ माणसे लॅटिन अमेरिकी वंशाची होती आणि त्यांपैकी पुष्कळांना नागरिकत्व नसल्यामुळे मताधिकारही नव्हता.

पुढे जे घडले त्याचे पहिले कारण या वस्तुस्थितीतच दडलेले आहे. कर भरणारे हजारो, मत देऊ शकणारे त्यांतील थोडे, आणि प्रत्यक्ष मत देणारे त्याहूनही थोडे, अशी जेथे स्थिती असते तेथे कारभाऱ्यांवर रयतेचा वचक राहणे कठीण जाते. त्यात वृत्तपत्रांची अवस्था अशी की जी लहान स्थानिक पत्रे पूर्वी अशा गावांच्या सभांचे वृत्तान्त छापीत असत त्यांचा काळ ओसरला होता, आणि महानगरातील मोठ्या पत्रास या गावांकडे नित्य लक्ष देण्याइतके मनुष्यबळ उरलेले नव्हते. बेलच्या नगरसभेच्या बैठकांस वार्ताहर बसत नसे. सामान्य नागरिकही क्वचितच फिरकत.

कारभाराची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. बेलमध्ये पाच नगरसेवक निवडून येत, त्यांच्यातूनच एक महापौर होई, आणि हे पाचजण मिळून एक पगारी मुख्याधिकारी नेमीत. दैनंदिन सत्ता सारी त्याच्या हाती. आपल्याकडे महानगरपालिकेचा आयुक्त राज्य सरकार पाठवते आणि नगरसेवकांच्या मानधनाची मर्यादाही राज्य सरकारच ठरवते, त्यामुळे दोघांवरही बाहेरची नजर असते. बेलमध्ये मुख्याधिकाऱ्याचा पगार नगरसेवक ठरवीत, आणि नगरसेवकांच्या वेतनाचे कागद मुख्याधिकारी तयार करून सभेपुढे ठेवी. एकाचे हित दुसऱ्याच्या लेखणीत असल्यावर तिसऱ्या कोणी तरी त्या कागदांकडे पाहणे हाच एक उपाय उरतो, आणि तो तिसरा बेलमध्ये नव्हता.

१९९३ साली रॉबर्ट रिझो या गृहस्थाची नेमणूक तेथे झाली. तत्पूर्वी त्यांनी कॅलिफोर्नियातील दुसऱ्या दोन शहरांत नोकरी केली होती. बेलची तिजोरी त्या वेळी रिकामी होत आलेली होती, आणि रिझो यांनी ती सावरली ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनीही मान्य केलेली आहे. आरंभीचा त्यांचा पगार वर्षास ७२,००० डॉलर होता, आणि त्या पदास तो शोभण्यासारखाच होता. परंतु पगारवाढीचे एक चक्र तेव्हापासून जे फिरू लागले ते थांबले नाही. पुढील काळातील त्यांच्या करारांत तर दर जुलै महिन्यात आपोआप १२ टक्के वाढ मिळावी अशी तरतूद होती, आणि दरसाल १२ टक्क्यांनी वाढणारी रक्कम सहा वर्षांच्या आसपास दुप्पट होते हे कोणत्याही सावकाराच्या मुनिमास ठाऊक असलेले गणित आहे. सभेपुढे नवा प्रस्ताव नाही, चर्चा नाही, मतदान नाही. पंचांग उलटावे तसा पगार वाढत गेला.

नगरसेवकांच्या वेतनाची कथा अधिक गुंतागुंतीची, आणि माझ्या मते अधिक विचार करण्यासारखी आहे, कारण मुख्याधिकारी हा अखेर नोकर, तर नगरसेवक हे लोकांनी स्वतःच्या वतीने तेथे बसविलेले विश्वस्त. कॅलिफोर्नियातील शहरे कायद्याने दोन प्रकारची असतात. काहींचा कारभार राज्याच्या सामान्य कायद्याखाली चालतो. काहींना मतदारांनी संमत केलेली स्वतःची सनद असते, आणि स्थानिक बाबतीत त्या सनदेचेच वचन प्रमाण मानले जाते. सामान्य कायद्याखालील शहरांत नगरसेवकांचे वेतन लोकसंख्येप्रमाणे बांधलेले होते. १९८४ साली ठरलेल्या त्या दरांप्रमाणे बेलएवढ्या शहरास महिना ४०० डॉलर हा पाया होता, आणि त्यावर वर्षास ५ टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नसे. त्याच कायद्यात आणखी एक शहाणपणाचा नियम होता: सभेने केलेली वेतनवाढ चालू मुदतीत अमलात येत नसे, पुढील निवडणुकीनंतर नवी मुदत सुरू झाल्यावरच ती लागू होई, जेणेकरून वाढ करणाऱ्यास ती पदरात पडण्यापूर्वी एकदा तरी मतदारांच्या दारात उभे राहावे लागे.

या नियमास एक पळवाट होती. नगरसेवक हेच पुष्कळदा शहराच्या गृहनिर्माण, वित्तपुरवठा, पुनर्विकास अशा निरनिराळ्या प्राधिकरणांचे सदस्य म्हणूनही बसत, आणि त्या प्रत्येक बैठकीचे वेगळे मानधन घेत. साउथ गेटमध्ये शतकाच्या आरंभी या व अशाच इतर प्रकारांनी जो अनाचार माजला त्यामुळे २००३ साली तेथील मतदारांनी आपल्या पुढाऱ्यांना मुदतीपूर्वीच घरी पाठविले, आणि त्याच गावचे एक माजी नगरसेवक हेक्टर दे ला तोरे राज्याच्या विधानसभेत गेल्यावर त्यांनी ही पळवाट बुजविणारा कायदा २००५ साली संमत करून घेतला. सामान्य कायद्याखालील शहरांत अशा प्राधिकरणांचे मानधन महिना १५० डॉलरांपर्यंत सीमित झाले.

त्याच वर्षी, २९ नोव्हेंबर २००५ रोजी, बेलमध्ये एक विशेष निवडणूक झाली. मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता: शहराने स्वतःची सनद स्वीकारावी काय? राज्यव्यापी मतदान नुकतेच तीन आठवड्यांपूर्वी उरकले होते. त्याच दिवशी हा प्रश्न लोकांपुढे ठेवता आला असता, पण तो मुद्दाम वेगळ्या दिवशी ठेवण्यात आला. प्रचारात स्थानिक स्वायत्ततेची भाषा होती. सनद मिळताच नगरसेवकांच्या वेतनावरील राज्याची मर्यादा सुटेल, याचा उच्चार मतपत्रिकेवर नव्हता. छत्तीस हजारांच्या त्या गावात ४०० देखील मते पडली नाहीत, आणि जी पडली त्यांतील निम्म्याहून अधिक टपाली होती. सनद मंजूर झाली. एखाद्या वाड्यातील लग्नास जमावी एवढ्या माणसांच्या कौलावर एका शहराची तिजोरी उघडली गेली, आणि सनदेची ही वाट कायद्याने खुलीच ठेवलेली होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत पाचांपैकी चार नगरसेवकांचे वार्षिक वेतन १ लाख डॉलरांच्या जवळ पोहोचले. सामान्य कायद्याखालील बेलएवढ्या शहरात ते ८,००० च्या आसपास असावयास हवे होते. आणि पाचवे नगरसेवक लोरेन्सो वेलेझ यांना तेवढेच, म्हणजे ८,०७६ डॉलर मिळत होते. आपल्या सहकाऱ्यांस त्याच्या बारापट मिळते याची आपणांस कल्पना नव्हती असे त्यांनी पुढे सांगितले, आणि त्यांच्यावर कोणताही आरोप ठेवण्यात आला नाही. इतरांचे वेतन एका रकमेत दिलेले नसून ते निरनिराळ्या प्राधिकरणांच्या नावे विभागलेले होते: एक सार्वजनिक वित्तपुरवठ्याचे, एक गृहनिर्माणाचे, एक अतिरिक्त मालमत्तेचे, एक घनकचऱ्याचे. नगरसभेची बैठक चालू असताना मध्येच ही प्राधिकरणे भरत आणि एक-दोन मिनिटांत मिटत. कधी भरतही नसत. घनकचरा प्राधिकरणाची तर रीतसर स्थापनाच झालेली नव्हती, असे पुढे न्यायालयात फिर्यादी पक्षाने दाखविले.

आता हा काळ कसला होता ते पाहावे. २००७ च्या अखेरीपासून अमेरिकेत मंदीची जी लाट आली तिचा तडाखा कॅलिफोर्नियास विशेष बसला, कारण घरांच्या किमती तेथे फार फुगल्या होत्या आणि तितक्याच वेगाने कोसळल्या. राज्यातील बेकारी १२ टक्क्यांच्या वर गेली. राज्य सरकारने आपल्या नोकरांस बिनपगारी सुटीवर पाठविले, आणि २००९ च्या जुलैत तर देणी भागविण्यास रोख नसल्यामुळे लेखानियंत्रक जॉन चियांग यांस पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या लिहून द्याव्या लागल्या. बेल हे लॉस एंजेलिस जिल्ह्यातील गरीब गावांपैकी एक. कर्ज काढून घेतलेल्या घरांवर जप्ती येत होती, शिवणकामाचे कारखाने बंद होत होते, बांधकामाची मजुरी नाहीशी झाली होती.

अशा काळात नगराची मिळकत कोठून येत होती? घरपट्टीचा दर बेलमध्ये १.५५ टक्के होता. कोट्यधीशांची वस्ती म्हणून जगप्रसिद्ध असलेल्या बेव्हर्ली हिल्समध्ये तो १.१ टक्क्याच्या आसपास. निवृत्तिवेतनाच्या नावाखाली घरपट्टीवर जी जादा आकारणी बसविली होती ती बेकायदा होती असे पुढे राज्याच्या हिशेबतपासणीत ठरले, आणि ती रक्कम २९ लाख डॉलरांच्या घरात निघाली. दुसरे साधन रस्त्यावर होते. परवाना नसलेल्या चालकाची गाडी पोलीस जप्त करीत आणि ती सोडविण्यास शहर ३०० डॉलर आकारी. त्या काळी कागदपत्रे नसलेल्या परदेशी माणसास कॅलिफोर्नियात वाहन परवाना मिळत नसे, आणि कामावर जाण्यास तर गाडी लागेच; म्हणजे हा दंड कोणाच्या खिशातून येत होता हे वेगळे सांगावयास नको. मतदारयादीत ज्यांचे नाव नव्हते अशा मजुरांच्या आठवड्याच्या कमाईतून ही भर पडत होती, आणि वेतनाच्या या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत क्लेशदायक वाटते ती हीच बाजू. मोठी रक्कम ही एक आपत्ती. ती ज्यांच्याकडून काढली त्यांना प्रश्न विचारण्याचीही सोय नसावी ही त्याहून मोठी.

प्रश्न विचारणारे अगदीच नव्हते असे मात्र नाही. २००८ साली एका रहिवाशाने नगरकचेरीत रीतसर अर्ज करून अधिकाऱ्यांचे पगार काय आहेत याची माहिती मागितली. त्यास एक कागद देण्यात आला. त्यात मुख्याधिकाऱ्याचा पगार महिना १५,४७८ डॉलर आणि नगरसेवकांचा महिना ६७३ डॉलर असल्याचे नमूद होते. दोन्ही आकडे खोटे होते, आणि ते हेतुपूर्वक रचलेले होते असे पुढे सिद्ध झाले. अर्ज करणाऱ्याने कागदावर विश्वास ठेवला. सरकारी शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवणे हा नागरिकाचा दोष म्हणता येत नाही.

पुढील वर्षी शहराने नवे पोलीसप्रमुख नेमले. रँडी ॲडम्स असे त्यांचे नाव, आणि त्यांचा पगार ४,५७,००० डॉलर. सुमारे दहा हजार शिपायांचे दल सांभाळणाऱ्या लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांस त्या वेळी ३ लाखांच्या आसपास मिळत होते. बेलच्या दलात पन्नासही माणसे नव्हती. या नेमणुकीच्या सुमारास रिझो यांच्या साहाय्यक अँजेला स्पॅशिया यांनी ॲडम्स यांस लिहिलेली विद्युत्पत्रे पुढे न्यायालयात वाचली गेली, आणि आपण सारे मिळून धष्टपुष्ट होऊ, मात्र फार हावरेपणा केला तर कापले जाऊ, अशा अर्थाचा मजकूर त्यांत निघाला. विनोदाच्या ओघात लिहिलेल्या या ओळींनी न्यायालयातील कैक तासांच्या जबान्यांहून अधिक सांगितले.

हे सारे उजेडात आले ते शेजारच्या एका गावाच्या दुर्दैवामुळे. बेललगतच्या मेवुड या चिमुकल्या शहरास विमा उतरविणारा कोणी मिळेना, तेव्हा जून २०१० च्या अखेरीस त्याने आपले पोलीसदल बरखास्त केले, सर्व नोकरांस रजा दिली, आणि कारभार चालविण्याचे काम बेलकडे सोपविण्याचे योजिले. लॉस एंजेलिस टाइम्सचे दोन वार्ताहर, जेफ गॉटलीब आणि रुबेन व्हिव्हेस, मेवुडची हकीकत जमा करीत होते. त्यात त्यांच्या कानी आले की बेलच्या नगरसेवकांच्या वेतनाची चौकशी जिल्हा सरकारी वकिलाच्या कचेरीने आरंभिली आहे. त्यांनी सार्वजनिक दप्तराच्या कायद्याखाली करारांच्या नकला मागितल्या. कायद्याप्रमाणे उत्तरास दहा दिवसांची मुदत असते. टाळाटाळ झाल्यावर लिट्ल बेअर पार्क नावाच्या उद्यानातील बैठकीच्या खोलीत भेट ठरली. एका टेबलाभोवती शहराचे अधिकारी, नगरसेवक व वकील बसले होते आणि समोर हे दोन वार्ताहर. पगार किती, असा सरळ प्रश्न विचारला असता रिझो यांनी ७ लाख डॉलर असे उत्तर दिले. कागद हाती आल्यावर खरा आकडा ७,८७,६३७ असल्याचे दिसले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पगार ४ लाख आहे. स्पॅशिया यांस ३,७६,२८८ डॉलर मिळत होते, आणि रजा, विमा व निवृत्तिनिधी यांचे लाभ धरता रिझो यांच्यावर होणारा एकूण खर्च वर्षास १५ लाखांच्या घरात जात होता.

१५ जुलै २०१० रोजी हे वृत्त छापले गेले. ज्या पत्राने ते छापले त्याची मालक कंपनी स्वतःच त्या वेळी दिवाळखोरीच्या न्यायालयात होती आणि संपादक वर्गात कपात चालू होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. कठीण काळ बातमी देणाऱ्यांच्या दारीही आलेला होता. रिझो यांचे म्हणणे असे पडले की आपण खाजगी धंद्यात गेलो असतो तर एवढे सहज मिळविले असते, आणि आपल्या कामाचे मोल नगरसभेने केलेले आहे. परंतु गावाने ते ऐकून घेतले नाही. ज्या सभागृहात एरवी चार-दोन माणसे दिसत तेथे पुढच्याच सभेस शेकडो लोक लोटले. बाहेर अंगणात, रस्त्यावर गर्दी मावेना. बस्ता, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘पुरे झाले’, या नावाची नागरिकांची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत लेबनॉनी वंशाचे अली सालेह हे होते; दक्षिण लेबनॉनमधील एका खेड्यातून येऊन स्थायिक झालेली बरीच कुटुंबे बेलमध्ये आहेत. आठवड्याभरात, बंद खोलीतील बैठक मध्यरात्रीपर्यंत चालल्यानंतर, रिझो, स्पॅशिया आणि ॲडम्स या तिघांचे राजीनामे जाहीर झाले. २६ जुलै रोजी नगरसेवकांनी स्वतःच्या वेतनात ९० टक्के कपात केली, आणि महापौर ऑस्कर एर्नांदेस यांनी उरलेली मुदत बिनपगारी काढण्याचे कबूल करून क्षमा मागितली. दोन वर्षांपूर्वीच्या खोट्या कागदावर जी रक्कम लिहिली होती तिच्या आसपास नगरसेवकांचे खरे वेतन अशा रीतीने येऊन ठेपले.

२१ सप्टेंबर रोजी आठ जणांस अटक झाली: रिझो, स्पॅशिया, आणि आजी-माजी मिळून सहा नगरसेवक. शहराचे ५५ लाख डॉलर गैरमार्गाने उधळल्याचा आरोप होता. त्यात वेतनाबरोबरच अधिकारी व नोकरांस शहराच्या तिजोरीतून दिलेल्या बेकायदा कर्जांचाही समावेश होता. ॲडम्स यांच्यावर मात्र खटला भरला गेला नाही.

८ मार्च २०११ रोजी उरलेल्या नगरसेवकांस परत बोलावण्याच्या प्रश्नावर मतदान झाले. पाच वर्षांपूर्वी ज्या गावात ४०० मते पडली नव्हती तेथे नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे एक तृतीयांश बाहेर पडले आणि त्यांतील बहुतांशांनी, शंभरांत पंचाण्णवांच्या आसपास, परत बोलावण्याच्या बाजूने कौल दिला. सालेह यांच्यासह पाच नवे नगरसेवक निवडले गेले. त्याच वसंतात लॉस एंजेलिस टाइम्सला या वृत्तमालेसाठी सार्वजनिक सेवेचे पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले.

सहा नगरसेवकांवरील खटला २०१३ च्या आरंभी चालला, आणि त्याचा निकाल जितका सरळ अपेक्षित होता तितका लागला नाही. नगरसेवकांच्या वतीने असे मांडले गेले की त्यांनी दिवसरात्र लोकांची कामे केली, रात्रीबेरात्री दूरध्वनी घेतले, आणि वेतनाचे ठराव शहराच्या वकिलाने पाहिलेले असल्यामुळे ते कायदेशीरच असणार अशी त्यांची समजूत होती. ज्यूरीने त्यांपैकी लुईस आर्तिगा यांस पूर्ण निर्दोष ठरविले. इतर पाचजणांस घनकचरा प्राधिकरणाच्या वेतनाबद्दल दोषी धरले, पण वित्तपुरवठा प्राधिकरणाच्या वेतनाबद्दल सोडून दिले, आणि काही आरोपांवर तिचे एकमत होऊ शकले नाही. या निकालास काहींनी तडजोड म्हटले. मला तो विवेकाचा वाटतो. जे प्राधिकरण नीट अस्तित्वातच नव्हते त्याचे वेतन घेणे हा गुन्हा, आणि जे होते त्याचे अवास्तव वेतन घेणे हे निंद्य असले तरी गुन्हा म्हणून संशयातीत नाही, असा भेद त्या बारा सामान्य नागरिकांनी केला. संतापाच्या भरात असलेल्या समाजाकडून एवढ्या सूक्ष्म विचाराची अपेक्षा सहसा करता येत नाही. दोषी ठरलेल्या पाचजणांस पुढे २०१४ साली कमीअधिक मुदतीच्या कैदेपासून घरातील स्थानबद्धतेपर्यंत निरनिराळ्या शिक्षा झाल्या.

रिझो यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये ६९ आरोपांचा प्रतिवाद न करण्याचे ठरविले. १६ एप्रिल २०१४ रोजी त्यांस बारा वर्षांची कैद आणि ८८ लाख डॉलरांची भरपाई अशी शिक्षा सुनावण्यात आली. स्पॅशिया खटल्यास उभ्या राहिल्या, डिसेंबर २०१३ मध्ये दोषी ठरल्या, आणि त्यांस अकरा वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. रिझो यांना मिळू शकणारे निवृत्तिवेतन, जे एका अंदाजाप्रमाणे वर्षास ६ लाखांपर्यंत जाणार होते, ते निवृत्तिनिधी मंडळाने फेरहिशेब करून छाटले.

बेलच्या भिंतींबाहेर या प्रकरणाचे जे परिणाम झाले ते अधिक टिकाऊ ठरले. लेखानियंत्रक चियांग यांनी कॅलिफोर्नियातील प्रत्येक शहराच्या व जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्यांचे वेतन मागवून ते संकेतस्थळावर खुले केले. एखाद्या नागरिकास आता नगरकचेरीच्या कारकुनाने हातात दिलेल्या कागदावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. २०११ साली विधिमंडळाने कायदा केला की सनदेचा प्रश्न मतदारांपुढे ठेवावयाचा तर तो नियमित ठरलेल्या निवडणुकीतच ठेवावा, आणि सनदेमुळे नगरसेवकांस स्वतःचे वेतन वाढविण्याचा अधिकार मिळणार असेल तर तसे मतपत्रिकेवर लिहावे. वरिष्ठ स्थानिक अधिकाऱ्यांच्या करारांत महागाईच्या प्रमाणाबाहेर आपोआप वाढ देण्यासही त्याच कायद्याने मनाई केली. म्हणजे २९ नोव्हेंबर २००५ चा तो दिवस आणि दर जुलैचे ते १२ टक्के, ही दोन्ही दारे एकाच कायद्याने बंद झाली.

परंतु या प्रकरणाने एक अन्यायही मागे ठेवला, आणि त्याविषयी बोलणारे थोडे आढळतात. बेलच्या आठवणीने कॅलिफोर्नियातील साऱ्याच नगरसेवकांचे वेतन हा अवघड विषय होऊन बसला. जी शहरे प्रामाणिकपणे चालली होती त्यांच्या सभांतही वाढीचा प्रस्ताव आणण्यास कोणी धजेना, आणि आर्थिक संकटात तर तो आणणे म्हणजे स्वतःहून कलंक लावून घेणे ठरले. १९८४ चे दर जसेच्या तसे राहिले, आणि महिना तीन-चारशे डॉलरांत सायंकाळच्या बैठका, अंदाजपत्रकांचे अभ्यास आणि लोकांच्या तक्रारी सांभाळण्यास जे पुढे येत ते बहुधा निवृत्त, किंवा उद्योगातून फुरसत असलेले, किंवा सुखवस्तू लोक असत. ज्या शिवणकामगार बाईस तीन मुले आहेत आणि जी दोन ठिकाणी काम करते, तिला नगरसभेवर बसण्याची इच्छा व पात्रता दोन्ही असली तरी ती कोणत्या पगारावर एक काम सोडणार? बेलसारख्या गावात तर अशाच माणसांनी त्या खुर्च्यांवर बसणे अगत्याचे होते. लोकप्रतिनिधीचे वेतन ही लाच नव्हे आणि भिक्षाही नव्हे. गरिबासही सार्वजनिक कामास वेळ देता यावा यासाठी समाजाने केलेली ती व्यवस्था आहे. रिझो आणि त्यांच्या नगरसेवकांनी हिरावून घेतलेल्या लाखो डॉलरांची मोजदाद न्यायालयाने केली, पण त्यांनी या व्यवस्थेवरील विश्वासाची जी हानी केली तिचा हिशेब भरपाईच्या कोणत्याही हुकमात बसणारा नव्हता.

ते दर अखेर २०२३ साली वाढविण्यात आले आणि १ जानेवारी २०२४ पासून अमलात आले. पस्तीस ते पन्नास हजार वस्तीच्या शहरास आता महिना ४०० ऐवजी १,२७५ डॉलरांपर्यंत वेतन ठरविता येते. मात्र त्याबरोबर कायद्याने एक रीत घालून दिली आहे: वाढीचा प्रस्ताव, ती का हवी याच्या कारणांसह, प्रथम नगरसभेच्या नियमित खुल्या बैठकीत मांडावा, आणि निदान सात दिवस लोटल्यावर दुसऱ्या खुल्या बैठकीतच त्यावर मत घ्यावे.